जीपकाका

जीपकाकांकडे जीप नाही. कधी नव्हतीही. जीपला लागणारं बाकी सगळं मात्र त्यांच्या घरात आहे. गाडी ओढायचा दोर आहे, आणि तोही साधा नाही, ताण पडला की थोडा लांबणारा. बॅटरीला बॅटरी जोडायच्या जाड केबली आहेत. टायरमधली हवा मोजायचा पितळी गेज, हायड्रॉलिक जॅक, चिखल उपसायला आखूड दांड्याचं फावडं आणि वीस लिटरचा लष्करी हिरव्या रंगाचा जेरीकॅन. नगरपालिकेचं पाणी येणार नसेल त्या दिवशी हा जेरीकॅन काकूंच्या स्वयंपाकघरात दिसतो. काका तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसतात आणि आत बघत नाहीत.

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत गॅसचा टेम्पो एकदा पावसात रुतला. ड्रायव्हरने धक्का द्यायला चार पोरं बोलावली होती, पण काकांनी त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनी दोर आणला, फावडं आणलं, चाकापुढची माती उपसली, टायरमधली थोडी हवा सोडली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "दुसऱ्या गिअरमध्ये घे, पाय नाचवू नकोस." टेम्पो निघाला. ओढायला पुढे गाडी नसल्यामुळे दोर कामाला आला नाही, याची रुखरुख काकांना पुढे बरेच दिवस होती.

काका पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीचा मोठा भाग पाटण तालुक्यात गेला. कोयनेच्या त्या खोऱ्यात पाऊस सुरू झाला की रस्ता आणि ओढा यांतला फरक फक्त नकाशात उरतो. खात्याची जीप महिंद्राची, दारं ताडपत्रीची. लाल चिखलाचा चढ आला की ड्रायव्हर विडी बाहेर टाकायचा, मोठ्या गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढायचा आणि म्हणायचा, "बसा साहेब." साहेब बसायचे. सगळी नोकरी साहेब बसूनच राहिले, कारण सरकारी गाडी सरकारी ड्रायव्हरनेच चालवायची असा नियम, आणि काका नियमाचे पक्के. पुढच्या दोन चाकांना ताकद देणारा तो छोटा दांडा त्यांच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

निवृत्तीच्या सुमारास ती जीप निर्लेखित झाली आणि लिलावात निघाली. काका ती घेऊ शकले असते. पण निर्लेखन समितीत ते स्वतःच होते, त्यामुळे बोली लावणं त्यांच्या तत्त्वात बसेना. शिवाय जीपच्या दोषांचा अहवालही त्यांनीच लिहिला होता. तो इतका सविस्तर आणि इतका खरा होता की भंगारवाल्यापलीकडे कुणी पुढे आलं नाही. पुढचं सगळं आयुष्य हा माणूस काय करणार आहे, हे त्या अहवालातच स्पष्ट होतं, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

निवृत्तीच्या पैशांतून काकूंनी जीपच्या नावाने अडीच लाख रुपये वेगळे काढले आणि मुदत ठेवीत ठेवले. "ह्यात बसली तर बसली," एवढंच त्या म्हणाल्या. मुद्दल जीपचं आणि व्याज काकूंचं, असा तह झाला. ठेवीची मुदत संपते, व्याजाचा फ्रिज होतो, पाण्याचा फिल्टर होतो, एका वर्षी पाटल्या झाल्या. मुद्दल अडीच लाखाचं अडीच लाखच राहतं. जुन्या जीपचे भाव मात्र या तहाला बांधलेले नाहीत. साधी गाडी जुनी होत गेली की स्वस्त होत जाते. जीप एका वयापर्यंत स्वस्त होते, तिथून पुढे तिला लोक 'व्हिंटेज' म्हणायला लागतात आणि ती पुन्हा चढते. त्यामुळे स्वस्त जीप सापडण्याचा काळ फार थोडा असतो, आणि त्या काळात काका तिचे दोष लिहीत असतात.

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, १९९६ साली तिला मोठं, तेराशे सीसीचं इंजिन मिळालं आणि २०१९ साली आपल्यासारख्यांसाठी ती बंद झाली. बंद झाली की भाव पडणार, असा काकांचा हिशोब होता. लोकांनी नेमका उलटा हिशोब केला. आता मिळणार नाही म्हटल्यावर ज्याला त्याला जिप्सी हवी झाली आणि भाव वर गेले. "महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेने सहा लाखांवर जीप बनवल्या," काका एकदा कळवळून म्हणाले, "त्यानंतर आपल्याकडे महिंद्रांनी किती बनवल्या असतील! त्यातली एक माझ्या वाट्याला येऊ नये?" काकू आतून म्हणाल्या, "येत होती की, समितीत."

२०२० सालच्या २ ऑक्टोबरला नवी थार बाजारात आली. सुरुवातीची किंमत नऊ लाख ऐंशी हजार. म्हणजे काकांच्या बजेटमध्ये पुढची दोन चाकं आणि स्टेअरिंग आलं असतं. तरी ते बघायला गेले. तोंडाला मास्क लावलेले साठीपुढचे गृहस्थ शोरूमच्या चकचकीत फरशीवर उताणे झोपून गाडीच्या पोटाखाली सरकले, तेव्हा तिथला पोरगा घाबरून म्हणाला, "काका, नवी आहे ती!" काका खालूनच म्हणाले, "म्हणून तर. नवी कशी दिसते ते ठाऊक असलेलं बरं." पुढे २०२३ च्या जानेवारीत ताकद फक्त मागच्या चाकांना जाणारी थार निघाली. ती बातमी वाचून काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी शब्दकोडंही सोडवलं नाही.

काकांचं खरं रूप बघायचं असेल तर त्यांच्याबरोबर जुनी गाडी बघायला जावं. मी बऱ्याचदा गेलो आहे. खांद्याला शबनम, तिच्यात चुंबक, विजेरी, पेन्सिल, पातळ कागद आणि घडी घातलेलं पोतं. मालक "या, चहा घ्या" म्हणतो तेव्हा काका त्याच्याकडे न बघता सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवतात. बॉनेट कोमट लागलं की मालकाचा निम्मा निकाल लागला. गिऱ्हाईक यायच्या आधी ज्याने इंजिन तापवून ठेवलंय, त्याची गाडी सकाळी सरळ चालू होत नसणार. मग पत्र्यावरून चुंबक फिरतो. तो चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नसतो, नुसती लांबी भरलेली असते. कराडकडच्या एका जीपवर चुंबक मडगार्डपासून मागच्या फळीपर्यंत कुठेच थांबेना. मालक म्हणाला, "ॲल्युमिनियमची बॉडी आहे, साहेब." काका म्हणाले, "मग विमान म्हणून विका. जास्त येतील."

रंग ताजा असेल तर त्यांचा ठरलेला प्रश्न, "रंग कधी मारला?" दोन महिन्यांपूर्वी, असं उत्तर आलं की काका माझ्या कानात सांगतात, "म्हणजे विकायचं दोन महिन्यांपूर्वी ठरलं." नंतर पोतं अंथरून ते गाडीखाली जातात आणि तिथून आवाज यायला लागतो. चेसिसला वेल्डिंग. पाट्याचं एक पान मोडलेलं. गिअरबॉक्सला तेलाचा घाम. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवायला सांगतात. तिथून भकाभका धूर आला की रिंगा गेल्या. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हे स्वतः वाकून वाचतात, कारण वेगवेगळ्या मापाच्या टायरांवर चारही चाकांना ताकद दिली की आतले दाते एकमेकांशी भांडायला लागतात. शेवटी मोकळ्या मातीत पुढच्या चाकांची हब लॉक करून, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवायला लावतात आणि स्वतः चाकाशेजारी कान देऊन चालत राहतात. कटकट आवाज आला की चेहरा उजळतो.

मालकही नाना तऱ्हेचे. एकाने सांगितलं, गाडी कधी वडापला लावली नाही, फक्त घरगुती वापर. मागच्या आडव्या दांडीचा रंग हातांनी घासून पार उडाला होता. काकांनी अदबीने विचारलं, "घरात माणसं किती?" दुसऱ्याची जिप्सी लष्कराच्या लिलावातली. "सियाचीनला होती काका ही," तो छाती काढून म्हणाला. काका म्हणाले, "मग परत का पाठवली?" तो अठ्ठ्याण्णवचं मॉडेल सांगत होता. काकांनी बंपरवरच्या रंगाखाली बोटाने चाचपून जुना लष्करी नंबर वाचला. त्या नंबरात बाणाच्या पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. ते निघाले नऊ आणि दोन.

एका महिंद्राच्या आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलेलं आणि बॉनेटखाली डिझेलचं इंजिन धडधडत होतं. अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ. पेट्रोल परवडेना म्हणून कुणीतरी कधीतरी इंजिन बदललं, कागद बदलायचं राहून गेलं. मालकाला त्यात काही वावगं वाटेना. "चालते की," तो म्हणाला. काका म्हणाले, "चालते. पण आरटीओच्या दारापर्यंतच."

कागद हा काकांचा गाडीहून आवडता विभाग. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. तो कागद आरसीशेजारी धरून ते एकेक अक्षर मोठ्याने वाचतात. पंधरा वर्षं झालेली खाजगी गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते, मग पाच वर्षांचं आयुष्य मिळतं. पर्यावरण कर निराळा. नूतनीकरणाची फी सहाशे होती ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून दहा. हे सगळं काका मालकालाच समजावून सांगतात. मालकाला आपल्या गाडीवर एवढे खर्च उभे आहेत हे पहिल्यांदाच कळतं. तो एकतर किंमत कमी करतो किंवा काकांना पुन्हा येऊ नका म्हणतो. बहुतेक वेळा दुसरं.

दिल्लीचाही एक मोह होऊन गेला. हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा दणकट गाड्या तिकडे पडत्या भावात निघाल्या. काकांचा गुरगावचा भाचा रोज फोटो पाठवायचा. काकांनी मागच्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला. तिकडची एनओसी, इकडचा रस्ता कर, ट्रकवर लादून आणायचं भाडं, इथली तपासणी. बेरीज इथल्या किमतीच्या वर गेली. वर भाच्याला दिलेलं जेवणाचं आमंत्रण, ते वेगळंच. हरियाणात सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली नावाचं गाव आहे, तिथे जुन्या जीप नव्याने बांधून देतात. त्या गावाचं नाव काका पंढरपूरच्या सुरात घेतात. पण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने बनवली त्याहून वेगळी गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, आणि काका तर नियमाचे पक्के. वारी राहिली.

या सगळ्या मोहिमा एसटीने होतात. काकांना ॲक्टिव्हावर फार लांब जायचं नसतं, माझी गाडी बघायला त्यांना आवडत नाही, आणि काकूंना खिडकीची जागा लागते. काकू प्रत्येक मोहिमेला येतात. त्यांच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि विणकाम. काका मालकाच्या गाडीखाली असतात तेव्हा काकू मालकिणीच्या ओट्यावर असतात. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्या गावचे तांदूळ चांगले आणि कुणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, ही माहिती आज काकूंइतकी कुणाकडे नाही. दोन लग्नं त्यांनी जीप बघताना जमवली. जिथे जायला चारही चाकांना ताकद हवी असं काका सांगतात, त्या प्रत्येक गावी ही मंडळी महामंडळाच्या लाल गाडीतून पोचलेली आहेत, हे मी एकदा त्यांच्या निदर्शनाला आणलं. काकांनी मला पुढच्या मोहिमेला नेलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांचा रंग ओळखता येतो. गाडीत भरपूर दोष निघाले असतील तर काका भेळ घेतात, कंडक्टरशी बोलतात, काकूंना थंडी वाजते का विचारतात. एकदाच मी त्यांना बसमध्ये गप्प पाहिलं.

जावळी तालुक्यात मेढ्याच्या पुढे एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्याकडे तेराशे सीसीची जिप्सी होती आणि मागणी दोन लाख पंचेचाळीस हजार. बॉनेट गार. चुंबक टपाटप चिकटत होता. नंबर जुळले. फाइलमध्ये पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेवार लावलेली. काका पोतं घेऊन दोनदा खाली जाऊन आले आणि दोन्ही वेळा काही न बोलता बाहेर आले. गुरुजी संकोचून म्हणाले, "एक सांगून टाकतो. वायपर जरा हळू चालतो." काकांनी वायपर लावून बघितला. तो हळू नव्हता. मालकाने स्वतः कबूल केलेला दोषसुद्धा गाडीत सापडेना.

मग गुरुजींनी किल्ली पुढे केली. काका उजवीकडे बसले. घरामागे ओढ्यात उतरणारी आणि पलीकडे चढणारी बैलगाडीची वाट होती. ओढ्याच्या काठाशी काकांनी गाडी थांबवली, चष्मा सारखा केला आणि तो छोटा दांडा ओढला. जिप्सी खाली उतरली, पाण्यातून गेली आणि घाई न करता वर चढली. पलीकडच्या काठावरून काकांनी आमच्याकडे पाहून हात वगैरे हलवला नाही. गाडी वळवून त्याच वाटेने ते परत आले आणि म्हणाले, "क्लच बरा आहे."

रात्री मला फोन. "इतकी चांगली गाडी हा मनुष्य विकतो का?"

मी म्हटलं, "त्यांना दिसत नाही हो आता. मोतीबिंदू आहे, सांगितलं ना त्यांनी."

"अरे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं!" काका ओरडले. त्यांना दोष सापडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना फोन करून चांगला तासभर समजावलं. ओळखीच्या डॉक्टरांकडून डोळ्यांच्या सर्जनसाठी चिठ्ठी घेतली. ऑपरेशनच्या दिवशी काकू डबा घेऊन गेल्या. गुरुजींना स्वच्छ दिसायला लागलं आणि त्यांनी गाडी विकायचं रद्द केलं. आता ते अधूनमधून जिप्सी घेऊन साताऱ्याला येतात आणि काकांकडे चहा घेतात. नव्या डोळ्यांनी त्यांना मागच्या फ्लोअरला थोडा गंज दिसला म्हणून ते काळजीने दाखवायला घेऊन आले, तेव्हा काका पुढचे चार दिवस हवेत होते.

गंमत म्हणजे काकांच्या सल्ल्याने गाडी घेतलेले लोक सुखात आहेत. ते सांगतात ते सोपं आणि खरं असतं. अडीच लाख असतील तर पावणेदोनची गाडी बघा. उरलेले पाऊण लाख टायर, बॅटरी, क्लच आणि पाटे खाणारच आहेत, ते बाजूला ठेवा. गाडीच्या आधी जुन्या जीपवर हात बसलेला फिटर शोधा, आणि तो आपल्याच गावातला असू द्या. पाच वर्षं उभी असलेल्या गाडीपेक्षा रोज शेतावर जाणारी बरी. रोज चालणारी कुठे दुखतंय ते सांगत असते, उभी राहिलेलीची सगळी दुखणी एकदम बाहेर पडतात. आणि शेवटचं, नको असेल तर चार चाकांची ताकद घेऊच नका. चालवणारा जाणता असेल तर दोन चाकं पुष्कळ ठिकाणी नेतात. हे शेवटचं वाक्य ते फक्त दुसऱ्यांना सांगतात.

कासच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी थारवाली पोरं दिसतात. दिव्यांचे हार, पुढे विंच, छतावर फावडं आणि सगळं कोरं. त्यातली काही फोटोसाठी पठाराच्या गवतात चाकं घालायला बघतात. त्यांना अडवून त्यांच्यावर खेकसणारे गृहस्थ बहुधा जीपकाका असतात. "रस्ता नसेल तिथे जायला गाडी असते, जाऊ नये तिथे जायला नसते," असं ते सुनावतात. पोरं ॲक्टिव्हाकडे बघून हसतात. या एका बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा आहे.

शोध चालू आहे. तेव्हा सातारा, कराड, पाटण, वाई या पट्ट्यात कुणाकडे १९९६ नंतरची जिप्सी किंवा मूळची चारही चाकांना ताकद जाणारी महिंद्रा असेल, कागद चोख असतील आणि मागणी अडीच लाखांच्या आत असेल, तर जरूर कळवावं. इंजिन गार ठेवावं, आरसी हाताशी असावी. मंडळी एसटीने येतील, काकूंचा मुक्काम स्वयंपाकघरात असेल. गाडीत दोष असल्यास उत्तम. नसल्यास एखादा करून ठेवावा, म्हणजे काकांचा परतीचा प्रवास सुखाचा होईल.